लेकरू बिचकतं तेव्हा : मंठा परिसरातील एका समजुतीचा इतिहास

पाच-सहा महिन्यांपर्यंत कुणाच्याही कडेवर हसत जाणारे मूल पुढे एखाद्या दिवशी सख्ख्या आत्याला किंवा आजोबांना पाहून ओठ काढते, आईच्या पदरात तोंड खुपसते आणि घर डोक्यावर घेते. हे बहुधा सहाव्या ते बाराव्या महिन्यात घडते आणि दोन वर्षांच्या आतबाहेर ओसरते. ज्याला पाहून मूल रडते तो माणूस अनेकदा घरातलाच असतो, पूर्वी त्याने त्याच मुलाला खेळवलेले असते, म्हणून ते रडणे घरच्यांच्या मनाला लागते. ही भीती सगळीकडे आणि सगळ्या काळात दिसते. तिचा अर्थ लावण्याची रीत मात्र बदलत गेली आहे. मंठा आणि आसपासच्या मराठवाड्यात तो अर्थ आधी बाळग्रहांशी, मग नजरेशी आणि गेल्या पन्नासेक वर्षांत मुलाच्या वाढीशी जोडला गेला. नवा अर्थ आला म्हणून जुना पुरता गेला नाही. एकाच घरात आजी मीठ-मोहऱ्या उतरवते आणि सून गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईला विचारते, असे आजही होते.

मंठा हे जालना जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे गाव. उत्तरेला लोणार, पूर्वेला जिंतूर, दक्षिणेला परतूर आणि सेलू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर लोणारकडचे वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते, म्हणजे मंठ्याच्या उत्तरेला राज्याचीच हद्द होती. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर भाग परभणी जिल्ह्यातून त्यात घेण्यात आला आणि मंठा त्याच भागातले. हा तपशील या विषयाला उगाच जोडलेला नाही. सोयरिकी चहूबाजूंना पसरलेल्या, रस्ते थोडे, प्रवास बैलगाडीचा आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाकेही रुतणारी, अशा मुलखात माहेर आणि सासर यांच्यातले पंधरा-वीस कोस म्हणजे कित्येक महिन्यांचा दुरावा असे. बाळाचे जवळच्याच नातलगाला बुजणे बऱ्याच अंशी या दुराव्यातून आले आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल त्याच्या मुळाशी आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी येते, बाराव्या दिवशी बारसे होते, सव्वा महिन्याने बाळंतीण हिंडूफिरू लागते आणि त्यानंतर सोयीने तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बाळासह सासरी जाते. तोवर बापाने मुलाला बारशाला आणि फार तर आणखी एकदोनदा पाहिलेले असते. बाळाची खरी माणसे म्हणजे आई, आईची आई, मावशी आणि मामा. सासरी पोचल्यावर दाराशी भाकरतुकडा ओवाळून टाकतात, बाळ-बाळंतिणीच्या पायांवर पाणी घालतात आणि मगच आत घेतात. त्या वेळी मूल सर्वांकडे जाते, कारण माणसे वेगळी ओळखण्याइतके ते वाढलेले नसते. दोन-तीन महिन्यांनी सणाला पुन्हा माहेरी गेले की ज्या आजीने त्याला न्हाऊमाखू घातले, तिलाच पाहून ते टाहो फोडते. आजीला वाटते, सासरच्यांनी काही केले. तिकडे परतल्यावर मूल बापाला किंवा आत्याला बिचकले, तर सासरच्यांना वाटते, माहेरी काही लागले. दोन्ही घरे एकमेकांकडे बोट दाखवत आणि मधे उभ्या असलेल्या तरुण आईला दोन्हीकडचे ऐकावे लागे.

या भीतीचे जुने शास्त्रीय स्पष्टीकरण आयुर्वेदात सापडते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बाळग्रह सांगितले आहेत : स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. वाग्भटाने अष्टांगहृदयात त्यांची संख्या बारावर नेली. ग्रहाने पछाडलेल्या मुलाची जी सर्वसाधारण लक्षणे त्याने दिली, त्यांत अगदी आरंभी दचकणे येते. पुढे भुवया उडवणे, दीनवाणे होणे, रडणे, दुधाचा तिटकारा, स्वतःचे आणि दाईचे अंग नखांनी ओरबाडणे हेही येते. यातला बराचसा भाग गंभीर आजाराचा, झटक्यांचा आणि तापाचा आहे हे आज वाचताना उघड दिसते. पण दचकणे आणि रडणे एवढेच पाहून घरोघरी ग्रहाची शंका घेतली गेली असेल तर त्यात नवल नाही. आजार कळायला दुसरे साधन नव्हते आणि लहान मुले फार मरत होती.

याच परंपरेत एक वेगळा, अत्यंत समंजस सूरही आहे आणि त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मुलाच्या संगोपनाविषयी लिहिताना मुलाला घाबरवणे चांगले नाही, असे स्पष्ट बजावले आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल तरी राक्षस, पिशाच्च, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे तिथे म्हटले आहे. खेळणी रंगीत, आवाज करणारी आणि हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील एवढी लहान नसावीत आणि भीतिदायकही नसावीत, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. बागुलबुवाची, पोतराजाची किंवा झोळीवाल्या गोसाव्याची भीती घालून मुलाला गप्प करण्याची खेड्यापाड्यांतली सवय या उपदेशाच्या अगदी उलट आहे. आसुडाचे फटकारे स्वतःच्या अंगावर ओढणाऱ्या पोतराजाला मूल भिते यात गूढ काही नाही. मात्र त्याचेच नाव रोज घेतले, की दाढी-जटा असलेला प्रत्येक पुरुष मुलाला तसाच वाटू लागतो.

लोकाचारात ग्रहांची जागा सटवाईने घेतली. जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री तिची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, ती मुलाच्या कपाळी लेख लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात आणि रात्र जागवतात. या रात्रीची धास्ती निराधार नव्हती. नाळ कापताना होणाऱ्या संसर्गातून येणारा धनुर्वात बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बाळाला गाठत असे आणि त्यातून वाचणारी बाळे थोडी असत. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्याआधीच्या शेकडो वर्षांत बाळाच्या वागण्यात अचानक झालेला कोणताही बदल आईच्या काळजात धस्स करणारा होता. बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते आणि दचकून रडले की तीच रडवते, अशी समजूत आहे. श्रावणातल्या शुक्रवारी पुजल्या जाणाऱ्या जिवतीच्या चित्रातही जरा-जिवंतिका मुलांना खेळवत बसलेल्या दिसतात. भिवविणारी शक्तीच राखणदार करून घ्यायची, ही या पूजांमागची रीत.

मूल मोठे होऊन माणसांत वावरू लागले की सटवाई मागे पडते आणि नजर पुढे येते. कपाळावर किंवा गालावर काजळाची तीट, मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या, कमरेला काळा दोरा ही बंदोबस्ताची साधने. एवढे करूनही मूल बिचकले तर तिन्हीसांजेला मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरतात आणि चुलीत टाकतात. उतरवताना आल्यागेल्यापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांची नजर निघो, असे पुटपुटतात. मिरच्यांचा ठसका उठला नाही तर नजर जबर होती असे ठरते. मुलाने हे सगळे आईच्या किंवा आजीच्या मांडीवर बसून पाहिलेले असते. दिवसभराची वर्दळ थांबलेली, दिवा लागलेला, ओळखीची मांडी आणि ओळखीचा आवाज. मूल शांत होते ते बहुधा यामुळेच, आणि श्रेय मात्र मोहऱ्यांना मिळते. फकिराकडून ताईत आणणे, देवळातला अंगारा लावणे हेही चालत आलेले उपाय. भीती आणि वेड यांसाठी या मुलखातले लोक बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचीही वाट धरत आले आहेत.

नजर उतरवण्याने मुलाचे काही बिघडत नाही. मात्र नजर लागली म्हणजे ती कुणाची तरी असते, आणि तिथून या समजुतीची काळी बाजू सुरू होते. मूल ज्याला पाहून रडले त्याच्यावर संशय जाई, पण तोही सर्वांवर सारखा नसे. आजोबांना पाहून रडले तर हसण्यावारी नेत. मूलबाळ नसलेली चुलती, विधवा आत्या किंवा टाकून दिलेली मावशी यांना पाहून रडले तर घरात कुजबुज सुरू होई. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात घरी येणाऱ्या, संपर्कात येणाऱ्या नाना प्रकारच्या स्त्रियांमार्फत जातहारिणी, म्हणजे मुले हिरावून नेणारी शक्ती, गर्भिणीला आणि बाळंतिणीला लागते असे सांगितले आहे. १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापल्या गेलेल्या या ग्रंथातली यादी वाचली की बाहेरून आलेल्या बाईवर ठपका ठेवण्याची खोड किती जुनी आहे ते कळते. बारशाला, पाळण्याजवळ, हळदीकुंकवाला कुणी पुढे यायचे आणि कुणी मागे राहायचे, याचे अलिखित नियम याच धाकातून पक्के झाले. ज्या बाईला मुलांची सर्वात जास्त ओढ असे, तिलाच पाळण्यापासून दूर ठेवले जाई. मग ती मुलाला क्वचितच दिसे, मुलाला तिची सवय होत नसे, आणि एखाद्या दिवशी ती समोर आली की ते हमखास रडे. त्या रडण्याने संशय आणखी पक्का होई. या चक्रात किती बायकांचे आयुष्य करपले याची मोजदाद कुठेही नाही. मराठवाड्यात करणी आणि भानामती यांची दहशत विसाव्या शतकातही होती आणि तिचा ठपका पडे तोही बहुधा अशाच एकट्या बायकांवर.

काही वेळा कारण डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. घरात मृत्यू झाला की दहाव्याला पुरुष डोके आणि मिशा उतरवतात. कालपर्यंत मिशीशी खेळणारे मूल आज त्याच काकाला पाहून किंचाळते आणि सुतकातल्या घरात त्याचा भलताच अर्थ लावला जातो. नवरात्रात नऊ दिवस दाढी वाढवलेला बाप, रंगाने तोंड माखलेला मामा, कधी नव्हे तो चष्मा लावलेली आजी, हे सगळे मुलाच्या लेखी नवे चेहरे असतात. आवाज ओळखीचा आणि चेहरा भलताच, ही तर निव्वळ अनोळखी माणसापेक्षा अवघड गोष्ट.

मंठा, परतूर, घनसावंगी या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुराव्याचे एक नवे कारण जन्मले. लोणी येथे १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि ऊस तोडायला हात लागले. ते हात मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांनी आणि तांड्यांनी पुरवले, सर्वात जास्त बीडने, पण जालन्याच्या या तालुक्यांनीही. १९७२ च्या दुष्काळाने उरलीसुरली घरेही बाहेर पडली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघायचे आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परतायचे. अंगावर पिणारे मूल आईबरोबर जाते, मोठी भावंडे आजी-आजोबांजवळ गावी राहतात. दिवाळीला तीन महिन्यांचे असलेले मूल परत येते तेव्हा आठ-नऊ महिन्यांचे असते. बिचकण्याचे नेमके हेच वय. उसाच्या फडात, कोपीत म्हणजे मजुरांच्या झोपडीत, टोळीतल्या माणसांत वाढलेल्या त्या मुलाला गावचे घर, आजी, चुलते सगळेच परके. सहा महिने वाट पाहिलेल्या आजीकडे ते जात नाही. दुसरीकडे गावी ठेवलेले दीड-दोन वर्षांचे भावंड आईबापाला पाहून आजीच्या मागे लपते. हे दुःख ऊसतोडीच्या हिशेबात कुठे लिहिले जात नाही, पण या भागातल्या प्रत्येक तांड्याला ते ठाऊक आहे.

युरोपात या भीतीकडे निरीक्षणाचा विषय म्हणून पाहणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांमध्ये चार्ल्स डार्विन होता. १८३९ साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या नोंदी त्याने केल्या आणि १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात छापल्या. मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना डार्विन दहा दिवस बाहेरगावी गेला होता. परतल्यावर मुलाने बापाशी नजर मिळवायचे टाळले आणि थोड्याच वेळात येऊन मांडीवर बसला. कोपीतून परतलेल्या मजुराच्या घरी आणि त्या निसर्गशास्त्रज्ञाच्या घरी घडलेली गोष्ट मुळात एकच आहे, फरक दहा दिवस आणि सहा महिने एवढाच.

रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने विसाव्या शतकाच्या मध्यावर या अवस्थेला आठव्या महिन्याची चिंता असे नाव दिले. अनोळखी चेहरा पाहताना मूल त्याची मनातल्या आईच्या चेहऱ्याशी तुलना करते आणि तो आईचा नाही हे कळून कष्टी होते, असे त्याचे म्हणणे. ज्याँ पियाजेने दाखवून दिले की साधारण याच वयात, नजरेआड झालेली वस्तूही कुठेतरी असते ही जाण मुलाला येऊ लागते. आई दिसत नाही म्हणजे ती दुसरीकडे आहे, हे कळल्याशिवाय तिच्यासाठी रडताही येत नाही. जॉन बोल्बीने मूल आणि जवळच्या माणसांमधल्या बंधाचा सिद्धांत मांडला, आणि मेरी एन्सवर्थने १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत माता-बालकांच्या २६ जोड्यांच्या घरी जाऊन त्याला प्रत्यक्षाचा आधार दिला. तिचा अभ्यास मंठ्यासारख्या गावांना विशेष लागू पडतो, कारण तिथेही मुले एकट्या आईने नव्हे, अनेक बायकांनी मिळून वाढवलेली होती आणि तरीही ती ठरावीक माणसांनाच बिलगत होती.

पुढच्या संशोधनाने स्पिट्झचे मत काहीसे दुरुस्त केले. प्रत्येक मूल भितेच असे नाही, आणि भीतीची तीव्रता समोरचा माणूस कसा येतो यावर अवलंबून असते. मॉर्गन आणि रिचूटी यांनी १९६९ साली मांडले की आईच्या मांडीवर असलेले मूल नवख्या माणसाला जेवढे बुजते त्यापेक्षा चार फुटांवर बसवलेले जास्त बुजते. माणूस हळूहळू जवळ आला, मुलाला पाहायला वेळ मिळाला, तर रडणे कमी होते. लहान मुलांना तर बाळे सहसा भीतच नाहीत. भारतीय बाळांच्या वाढीची मोजपट्टी आखण्याचे काम बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी केले. त्यामुळे जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलाची प्रगती परदेशी आकड्यांवर नव्हे, इथल्या मुलांवरून पाहता येऊ लागली.

हे ज्ञान गावात पोचले ते पुस्तकांतून नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव झाली. वजनकाटा आणि पोषण आहार यांच्याबरोबर अंगणवाडी ताईच्या रूपाने मुलांबद्दल विचारायला एक जाणते माणूस गल्लीत आले. २००५ नंतर आशा आली. २०१८ पासून तिच्या घरभेटी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात ठरवून दिल्या आहेत. सहावा आणि नववा महिना म्हणजे बिचकणे सुरू होण्याचा आणि भरात येण्याचाच काळ. पूर्वी ज्या प्रश्नाला देवऋषीच उत्तर देई, तो आता गावातल्याच ओळखीच्या बाईला विचारता येतो, ही या योजनांची कमी बोलली जाणारी कमाई आहे.

ठपक्याचा प्रश्न कायद्याने हाताळला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. मीठ-मोहऱ्या उतरवण्याला त्यात हरकत नाही. मात्र एखादी व्यक्ती करणी करते, अपशकुनी आहे किंवा इतरांवर संकट आणते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरला. पाळण्यापासून दूर ठेवल्या गेलेल्या चुलतीला उशिरा का होईना, कायद्याचा आधार मिळाला.

वाढीचा टप्पा म्हणून सगळेच सोडून देणेही धोक्याचे आहे. भीतीबरोबर ताप, दूध सोडणे, झटके किंवा सुस्ती असेल तर ते बिचकणे नव्हे, आजार असू शकतो आणि मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. थोडे मोठे मूल सर्वांकडे नीट जाते पण एकाच ओळखीच्या माणसाला पाहून दिवसेंदिवस थरथरते, किंवा अंगावर वळ, जखमा दिसतात, तेव्हा नात्याची भीड न ठेवता चौकशी करावी लागते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. मुंबईत १९९६ साली सुरू झालेली मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आज देशभर चालते.

एरवीच्या बिचकण्यावर घरच्या बायकांनी काढलेली तोड आणि अभ्यासकांचा सल्ला यांत फारसे अंतर नाही. आलेल्या माणसाने आल्या आल्या मुलाला उचलू नये, आधी आईशी बोलत बसावे, मुलाकडे टक लावून पाहू नये. आईने मूल मांडीवरच ठेवावे. मधे एखादे चुलत भावंड खेळायला सोडावे, म्हणजे त्याच्यामागे मूल आपणहून सरकते. परगावी असलेल्या बापाचा चेहरा हल्ली मोबाईलवर रोज दिसतो, तरी प्रत्यक्ष भेटीत मूल पहिल्यांदा दबकते, कारण अंगाचा वास, उंची आणि स्पर्श पडद्यावर येत नाही. त्यालाही एखादा दिवस द्यावा लागतो. मूल चालू लागले, हवे तेव्हा जवळ जाणे आणि दूर होणे त्याच्या स्वतःच्या पायांत आले आणि आजी, आत्या, काका ही नावे त्याच्या तोंडी बसली की दीड-दोन वर्षांच्या सुमारास ही भीती बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातही न येता सरते.